इंदूरची एक दिवाळी आणि मुंबईचा एक प्राध्यापक

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. खांद्याला तोफेच्या नळीसारखी लांबलचक नळी, हातात तीस मीटरची टेप आणि बोटांना शाई. मुंबईच्या एका वास्तुकला महाविद्यालयात ती तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या आळीत या शिक्षणाविषयी अजून थोडा घोटाळा आहे. ती ओट्यावर पाऊल टाकते न टाकते तोच शेजारच्या काकूंनी, "अगं, आमचं देवघर ईशान्येला सरकवायचं का गं?" असे विचारून घेतले. बिचारीने, "काकू, ते शास्त्र निराळं, माझं निराळं," असे सांगून पाहिले; पण काकूंचे समाधान झाले नाही.

"सर, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवंय," ती म्हणाली.

मी शाळेतला चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. खरे तर त्या परीक्षेला आमच्या वेळी दहावी म्हणत. पण आमचे दादा तिला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणायचे, म्हणून माझ्याही तोंडी तेच बसले आहे. पुढे चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि खडू हातात घेतला. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्या लोकांनी वाचल्याही. पण इंटरमीजिएटच्या परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली तेव्हा आपण मुंबईला जाऊन इमारती काढायला शिकावे असे जे मनात आले होते ते घरच्या हिशेबात बसले नाही, ही गोष्ट मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. त्यामुळे त्या पोरीच्या टेपचे टोक मी जरा अधिकच घट्ट धरले असेन.

तिला कॉलेजने काम दिले होते ते असे: एक जुनी आळी घ्यायची, प्रत्येक घर, ओटा, आड, झाड मोजून कागदावर उतरवायचे, आणि सकाळी, दुपारी, दिवेलागणीला कोण कोठे बसते, मुले कोठे खेळतात, पाणी कोठून कोठे वाहते, हेही टिपायचे. मला हसू आले. म्हटले, "अगं, दुपारी तीनला नानांच्या ओट्यावर कोण बसतं याचा आणि इमारतीचा काय संबंध?" ती म्हणाली, "सर, हे गेडिसचं आहे. आधी गाव वाचायचं, मग रेघ मारायची."

हे गेडिस कोण, म्हणून मी जिल्ह्याच्या वाचनालयात जाऊन शोध घेतला, आणि एका विलक्षण गृहस्थाची गाठ पडली.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा. जन्म १८५४ सालचा. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, हक्सलेसारख्या गुरूच्या हाताखाली शिकलेला. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्याचे डोळे गेले. पुढे दृष्टी परत आली. पण अंधाऱ्या खोलीत बसून काढलेल्या त्या दिवसांत खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हाताने चाचपता चाचपता त्याने विचारांची मांडणी चौकटींत करण्याची एक पद्धत काढली, आणि कागदाच्या घड्या घालून विचार करण्याची सवय त्याला जन्माची जडली. एडिंबरोला लग्नानंतर तो बायकोला घेऊन जुन्या शहरातल्या बकाल वस्तीत राहायला गेला आणि तेथली घरे एकेक करून दुरुस्त करू लागला. आणि ऐका: या माणसाने विद्यापीठाची पदवी कधी घेतलीच नाही! प्राध्यापक झाला तो पदवीवाचून. हे वाक्य मी वाचनालयात दोनदा वाचले, हे कबूल करतो.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून तो १९१४ साली हिंदुस्थानात आला. येताना शहरांच्या नकाशांचे, चित्रांचे मोठे प्रदर्शन 'क्लॅन ग्रँट' या बोटीतून मागाहून येणार होते. पण महायुद्ध पेटले होते; 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली आणि कित्येक वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली. मित्रांनी धावपळ करून दुसरा संच जमवला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेदेखील.

मग तो गावोगाव फिरला. त्या वेळी नगरसुधारणा म्हणजे सरळ रेघ. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते पाडले गेले. हवा खेळू लागली हे खरे. पण ज्यांची बिऱ्हाडे मोडली ती माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. गेडिसचे म्हणणे असे की आधी रोग्याची नाडी पाहा, मग शस्त्र उचला, आणि उचललेच तर जपून. एखादे पडके घर काढा, तेथे चार झाडे लावा, दोन बोळ जोडा. सगळी आळी कापू नका. डासांसाठी आड आणि तळी बुजवण्याऐवजी त्यांत मासे सोडा, बदके सोडा, असे तो इंजिनियरांना सांगे. इंजिनियरांना हे आवडत नसे, हे सांगायला नकोच.

१९१७ चे साल त्याला फार वाईट गेले. एप्रिलात थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. इकडे बायको अ‍ॅना तापाने अंथरुणाला खिळलेली. तिला ही बातमी त्याने सांगितली नाही. मुलाची जुनी पत्रेच तो तिला वाचून दाखवत राहिला. जूनमध्ये तीही गेली. कादंबरीकार म्हणून मी अनेक प्रसंग रचले आहेत, परंतु तो पत्र वाचणारा नवरा मला सुचला नसता.

त्यानंतरचे त्याचे मोठे काम म्हणजे होळकरांचे इंदूर. तुकोजीराव तिसरे गादीवर होते. शहरात प्लेग वरचेवर फिरत होता. हा दाढीवाला साहेब हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांत हिंडतो. तेव्हा ज्या घराकडे हा बघतो ते पडणार, अशी लोकांना धास्ती. त्याला पाहून बायका मुलांना घरात ओढून घेत. यावर त्याने काढलेला उपाय दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगण्याजोगा आहे. त्याने दरबाराकडे एका दिवसासाठी महाराजांचा अधिकार मागितला आणि जाहीर केले की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ केलेली, रंगवलेली असतील, त्या रस्त्यांनी ती जाईल!

मग काय विचारता! घरोघरी सफाई सुरू झाली. आपल्या दारावरून लक्ष्मी जावी असे कोणाला वाटणार नाही? गाड्यांमागून गाड्या भरून केर बाहेर पडला. उंदीर हजारोंनी पकडले गेले. दिवाळीला मिरवणूक निघाली ती अशी: पुढे हत्ती, घोडे, सुगीचे गाडे, मागे घाणीचा राक्षस आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीर, आणि त्यांच्यामागून, पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात झेंडूच्या माळा आणि हातात नवे झाडू घेतलेले शहरातले झाडूवाले, बाया आणि बाप्ये. ज्यांची सावली लोक टाळत, त्यांची मिरवणूक! त्यांच्यामागे लक्ष्मी, आणि मग नव्या घरांचे नमुने. शेवटी राक्षस आणि उंदीर यांना अग्नी दिला आणि दारूकाम उडाले. मुलांना तुळशीची रोपे वाटली. या हकिगतीत सांगणाऱ्याने थोडे तिखटमीठ घातले असेल. कारण ती मुख्यतः गेडिसनेच सांगितलेली आहे. पण त्या दिवसापासून साहेबाला पाहून लोक दारे लावीनात, एवढे मला खरे वाटते. १९१८ साली त्याने दरबाराला दिलेला अहवाल दोन खंडांचा आहे. त्यात कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठांचा विचार आहे, आणि इंदुरात एक विद्यापीठ असावे अशी योजनाही आहे.

पुढच्याच वर्षी, १९१९ साली, मुंबई विद्यापीठाने त्याला समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक नेमले. तो शिकवी कसा? सांगणारे म्हणतात की आवाज दाढीतच विरून जाई. मागच्या बाकांवर काही पोचत नसे. मास्तर या नात्याने हे मला नापसंत आहे. परंतु मालवणच्या एका संस्कृत शिकलेल्या तरुणाने 'नागरी केंद्र म्हणून मुंबई' या विषयावर निबंध लिहिला. तो गेडिसला पसंत पडला आणि तो तरुण पुढील शिक्षणासाठी विलायतेस गेला. ते गोविंद सदाशिव घुर्ये. १९२४ साली आजारी गेडिस परतला आणि त्याच साली तो विभाग घुर्यांच्या हाती आला. घुर्यांचा ओढा जातिसंस्थेच्या अभ्यासाकडे अधिक. तरी १९६२ साली त्यांनी शहरांवरही एक ग्रंथ लिहिलाच.

मौज अशी की तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, १८५७ साली निघालेल्या जे. जे. कलाशाळेत, इमारती काढायला शिकवीत होते. तेथे १९२३ ते १९४३ क्लॉड बॅटली मुख्य होते आणि त्यांचे विद्यार्थी जुन्या देशी इमारती मोजून कागदावर उतरवीत. एकीकडे घर मोजणारे, दुसरीकडे गाव वाचणारे. जे. जे.चा वास्तुकलेचा अभ्यासक्रम विद्यापीठाला जोडला गेला १९५२ साली; आणि आता माझी विद्यार्थिनी घर मोजून, त्याच कागदावर नानांच्या ओट्यावरची माणसेही मांडत होती.

आमच्या आळीवर मध्यंतरी रस्तारुंदीची लाल खूण पडली आहे. माझ्या घराचा ओटा आणि कोपऱ्यावरचा आड दोन्ही त्या खुणेच्या आत येतात. ही गोष्ट मी तिला सांगितली नव्हती; तिनेच भिंतीवरची खूण पाहिली. काही बोलली नाही. आडाचा व्यास तिने दोनदा मोजला, आत डोकावून पाणी किती खाली आहे ते दोरीने पाहिले, आणि काकूंना विचारले की उन्हाळ्यात हा आटतो का.

"बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा आटला नाही, असं सासूबाई सांगायच्या," काकू म्हणाल्या, "लिही तसं."

तिने नकाशाच्या कडेला तसे लिहिले. मग काकू तिच्या खांद्यावरून वाकून कागद निरखू लागल्या आणि एकदम म्हणाल्या, "आणि माझं वृंदावन कुठाय?" ते राहून गेले होते. चार दिवसांची मोजणी झाल्यावर आम्ही पुन्हा टेप उलगडली, मी दाराशी टोक धरले, ती वृंदावनापाशी वाकली आणि म्हणाली, "सर, जरा ताणून धरा हं."