सवर्णांचे आत्मपरीक्षण

जातिव्यवस्थेमुळे मिळालेले सामाजिक लाभ आणि अंगी मुरलेले पूर्वग्रह सवर्ण व्यक्तींनी स्वतः ओळखून बदलण्याच्या प्रक्रियेस सवर्णांचे आत्मपरीक्षण म्हणतात. अमेरिकेत वंशवादाच्या संदर्भात श्वेतवर्णीयांकडून अशीच अपेक्षा केली जाते. पेगी मॅकिन्टॉश यांचा श्वेतवर्णीयांच्या विशेषाधिकारांवरील १९८९ मधील निबंध त्यासाठी प्रसिद्ध आहे.

इतिहास

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतिदहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते जन्माने ब्राह्मण होते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले.

केवळ सदिच्छेने सवर्णांचे मन पालटेल, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वाटत नव्हते. नोव्हेंबर १९३२ मध्ये ठक्कर बाप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अस्पृश्यांच्या व्यक्तिगत सुधारणेऐवजी विहिरी, शाळा इत्यादी ठिकाणच्या नागरी हक्कांसाठी मोहिमेचा आग्रह धरला. रूढीला प्रत्यक्ष धक्का बसल्याशिवाय सवर्ण विचार करू लागत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पवई येथील संदर्भ

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मुंबई) १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. कुटुंबीयांनी जातीय भेदभावाचा आरोप केला. संस्थेच्या चौकशी समितीला मात्र प्रत्यक्ष भेदभावाचा ठोस पुरावा आढळला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेने भेदभावविरोधी सूचना प्रसिद्ध केल्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधील क्रमांक किंवा गेटचे गुण विचारणे त्यांत अनुचित ठरविण्यात आले. राखीव प्रवर्गांसाठी प्रवेशाची गुणमर्यादा वेगळी असल्याने क्रमांकावरून विद्यार्थ्याचा प्रवर्ग उघड होऊ शकतो. त्यामुळे सवर्ण विद्यार्थ्याला सहज वाटणारा प्रश्न दुसऱ्यासाठी जात विचारण्यासारखाच ठरतो.

गुणवत्तेचा प्रश्न

मानववंशशास्त्रज्ञ अजंता सुब्रमण्यन यांनी २०१९ च्या ग्रंथात मद्रास आयआयटीच्या आधारे गुणवत्ता आणि जात यांचा संबंध तपासला. पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण व सामाजिक संबंध यांतून मिळालेला लाभ सवर्णांना निव्वळ वैयक्तिक गुणवत्ता वाटतो, अशी मांडणी या अभ्यासातून पुढे आली. आपण जात मानत नाही, असे प्रामाणिकपणे म्हणणाऱ्या व्यक्तीलाही हा लाभ मिळत असतो. म्हणून आत्मपरीक्षणाचा विषय केवळ हेतू नसून दैनंदिन व्यवहारही असतो.

टीका

आत्मपरीक्षण अपराधभावनेच्या कबुलीपुरते मर्यादित राहिल्यास चर्चेचे केंद्र पुन्हा सवर्णच ठरतात, असा आक्षेप घेतला जातो. शिक्षण, नोकऱ्या, निवास आणि विवाहसंबंध यांतील व्यवहार बदलणे हा त्याचा खरा निकष असल्याचे टीकाकार मानतात.