बावटा ते बॅनर

‘बॅनरबाजी’ हा आपल्या वर्तमानपत्रांतला रोजचा शब्द. त्याचा पुढचा भाग इंग्रजी, मागचा ‘बाजी’ फारसी, आणि दोघांची गाठ मारली मराठीने. लालबाग-परळच्या नाक्यानाक्यावर डोक्यावर जे लटकत असतं, ते या शब्दात नेमकं मावतं. गंमत अशी, की बॅनर रस्त्यावर नुसता लागतो, बातमीत मात्र तो ‘झळकतो’.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. सरदारामागून त्याची माणसं ज्या कापडाखाली चालत, ते बॅनर. पुढे त्याने बरेच धंदे केले. वर्तमानपत्राच्या कचेरीत पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या मथळ्याला बॅनर म्हणतात. सिनेमावाल्यांनी तर त्याचा कापडाशी संबंधच तोडला. तिथे बॅनर म्हणजे संस्थेचं नाव. व्ही. शांतारामांनी ‘प्रभात’ सोडून 1942 मध्ये परळला ‘राजकमल कलामंदिर’ उभं केलं. ‘मोठ्या बॅनरचा सिनेमा’ म्हणतात तो असा.

आपल्याकडे मात्र एका शब्दावर कधी भागलं नाही. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका, मराठी फौजेपुढे जरीपटका, देवळाच्या शिखरावर ध्वज, आणि अटकेपार लावायचा तो झेंडा. निशाण फारसीतून आलं आणि इथलंच झालं. कोणाच्या हातात आहे, यावरून कापडाचं नाव ठरायचं.

माझ्या घरी आणखी एक शब्द होता, अलम. मोहरमच्या मिरवणुकीत निघतो तो. करबलाच्या रणात तो हजरत अब्बास यांच्या हाती होता, म्हणून ते अलमदार. ‘अलम दुनिया’तला अलम वेगळा, त्याचा अर्थ जग. अरबीत दोघांच्या उच्चारात फरक आहे, मराठीने तो पुसून टाकला. ‘फलक’चं असंच. मराठीत फलक म्हणजे पाटी, उर्दूत आकाश. ‘येथे फलक लावण्यास मनाई आहे’ हे वाचून मला पूर्वी हसू यायचं. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळून 17 माणसं गेली, तेव्हापासून येत नाही.

या सगळ्या शब्दांत बावटा हा कामकरी शब्द. रेल्वेच्या गार्डच्या हातात हिरवा बावटा असतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. बावटा म्हणजे इशारा. 1928 साली गिरणगावाने तो हातात घेतला. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या संपातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्ष सरता सरता तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. कागदोपत्री नाव काहीही असो, लोक तिला ‘लाल बावटा’ म्हणू लागले. कापडाचं नाव संघटनेला मिळालं. त्या काळी कितीतरी कामगारांना अक्षरओळख नव्हती. सही करायची वेळ आली की कागदावर लिहिलं जाई, ‘निशाणी डावा अंगठा’. निशाण आणि निशाणी एकाच घरचे शब्द. अक्षर न येणाऱ्याची सही आणि त्याचा झेंडा एकाच मुळातून निघावेत, हे मला पुष्कळ कवितांपेक्षा मोठं वाटत आलं आहे.

पुढे 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर आणि अमर शेख यांनी कलापथक काढलं, त्याचंही नाव ‘लाल बावटा’. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदानं गाजवली. ‘तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी करता?’ असं मला अजूनही कोणी विचारतं. मी अमर शेखांचं नाव सांगतो आणि विषय बदलतो.

मोर्चाचं बॅनर तेव्हा कापडाचंच असे, आणि कापड या शहराच्या मागांवरच निघत होतं. ज्या मालकाविरुद्ध घोषणा, त्याच्याच गिरणीतल्या कापडावर ती रंगवलेली असायची, हेही घडत असणार. पेंटर जमिनीवर कापड ताणून अक्षरं काढी. मग वारा निघून जावा म्हणून कापडात चंद्रकोरीसारख्या चिरा द्यायच्या. दोन टोकांना दोन बांबू आणि बांबूला दोन माणसं. एकट्याने धरता येणारी ती वस्तूच नव्हती.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. कामगार मात्र पांगले, गिरण्या बंद पडल्या, फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आला.

इंग्लंडातल्या डरहॅमच्या कोळसा खाणीही बंद झाल्या. तिथे 1871 पासून खाणकामगारांचा मेळावा भरतो, आणि प्रत्येक खाणीच्या कामगारांचं चित्रांनी रंगवलेलं स्वतंत्र बॅनर असतं. खाणीत कोणी दगावलं असेल तर त्या वर्षी त्यावर काळं कापड चढवायची रीत. खाणी गेल्या, पण जुलैत ती बॅनरं आजही रस्त्यावर निघतात. आपल्याकडे कापड सांभाळून ठेवायला खोली कुठे होती? दहा बाय बाराच्या खोलीत माणसंच पाळीपाळीने झोपत. कापड घरात आलं की कामाला लागायचं. लालबागच्या एका चाळीत उशीचा अभ्रा उसवला तेव्हा आत लाल कापड निघालं. त्यावर फिकट पांढरं ‘झालाच’ एवढंच उरलं होतं, पुढचं ‘पाहिजे’ दुसऱ्या कुठल्या उशीत गेलं असेल.

सिनेमाची बॅनरंही हाताने रंगवत. एम. एफ. हुसेन मुंबईत पोट भरत होते ते सिनेमाचे फलक रंगवूनच. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत फ्लेक्स आला आणि पेंटरांचे ब्रश सुकले. फ्लेक्स कापड नव्हे, प्लास्टिक. फोटो दिला की तासाभरात छापून मिळतो. धरायला माणूस लागत नाही, सुतळीने खांबाला आवळला की झालं. त्यावर मागणी नसते, शुभेच्छा असतात. मधे एक मोठा चेहरा, खाली टिकल्यांएवढे पंधरा-वीस, आणि शेवटी ‘समस्त मित्रमंडळ’. विद्रूपीकरण रोखणारा कायदा 1995 चा आहे, मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये बेकायदा फलकांबाबत कडक आदेशही दिले. वाढदिवस काही थांबले नाहीत.

मात्र फ्लेक्सला पाणी लागत नाही, हे फुटपाथवरच्या माणसाने सर्वांत आधी ओळखलं. जून लागला की दादरच्या भाजीवाल्या मावशी आपल्या टोपल्यांवर तो उलटा पसरतात. छपाईची बाजू खाली, पांढरी वर. वर पाऊस पडत असतो आणि आत मेथीच्या जुड्यांवर भावी नगरसेवक पालथे पडून असतात.