खाणावळीचा हिशेब



इतिहासावर व्याख्यान म्हटले की गड, तह आणि लढाया यांची अपेक्षा असते. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. माझे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयातच अधिक झाले. तेव्हा मला जो इतिहास ठाऊक आहे तोच सांगतो. माझ्यापुरता तो हुलग्याच्या शेंगोळ्यांपासून सुरू होतो.

हुलग्याचे पीठ तिखट, मीठ, लसूण घालून घट्ट मळावे, हातावर वळावे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडावे. वेगळी भाकरी नको की वेगळे कालवण नको. हा वास आला की मला लालबागची आमची खोली आणि १९८२ साल आठवते.

पण त्याआधी थोडे मागे जाऊ. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीसाठी कंपनी काढली. पुढे परळ-लालबागेत गिरण्यांची रांग उभी राहिली आणि कोकणातून, साताऱ्याकडून माणसे आली. पगार आणि खोलीचे भाडे यांचा मेळ बसेना, म्हणून बहुतेकांनी बायकामुले गावीच ठेवली. एकेका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. यांना जेवू कोण घालणार? चाळीतलीच एखादी गाववाली बाई. तिची ती खाणावळ. कोकणच्या माणसाला भात आणि माशांची आमटी, घाटावरच्याला भाकरी आणि कालवण. गावची चव अशी गिरणीच्या दारापर्यंत आली.

आमच्या आईकडे बारा जण जेवत. सारे आमच्या पाटण तालुक्यातले. तिला ते वहिनी म्हणत. पहिल्या पाळीसाठी पहाटे चारला स्टोव्ह पेटे आणि दुसऱ्या पाळीची माणसे जेवून उठेपर्यंत मध्यरात्र होई. जेवणाचे पैसे महिन्याचा पगार झाल्यावर मिळत. किराणा मात्र वाण्याकडून उधारीवर. म्हणजे महिनाभराची जोखीम आईची. कारखानदाराच्या अशा जोखमीला भांडवल म्हणतात. आईच्या जोखमीला कोणी काहीच म्हणत नसे. हे ओळखणाऱ्या एक होत्या प्रेमा पुरव. कामगार चळवळीतल्याच त्या. खाणावळवाल्या बायकांची सावकाराच्या व्याजातून सुटका व्हावी, त्यांना बँकेचे कर्ज मिळावे, म्हणून त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आमच्या आईपर्यंत ते पोहोचले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले; त्यांत माझे वडील आणि आमच्याकडे जेवणारे बाराही जण होते. पगार थांबले. शेजारणीने आईला सुचवले, "खाणावळ बंद कर." आई म्हणाली, "संप गिरणीत हाय, पोटात न्हाई."

गावाहून हुलगे आले आणि शेंगोळे सुरू झाले. मी दहा वर्षांचा होतो. आईला लिहिता येत नसे. तिने सांगावे आणि मी वहीत मांडावे : कोण किती वेळा जेवला. एकेक जण गावी परतला. गणपतीपर्यंत चार उरले. आईची बोरमाळ गहाण पडली, ती परत आली नाही. वहीतली उधारी तशीच राहिली. तिने कोणाकडे मागितली नाही.

१९२८ चा गिरणी संपही सुमारे सहा महिने चालला होता. त्याचे पुढारी आणि त्यांच्या मागण्या पुस्तकांत आहेत. परंतु सहा महिने भाषणांवर पोट भरत नाही. वाण्याची उधारी, गावचे धान्य आणि कोणातरी बाईची चूल यांवरच माणूस तगतो. संपाची ताकद मोजताना आम्ही संघटनावाल्यांनी सभासद मोजले, चुली मोजल्या नाहीत.

संपानंतर वडिलांना उल्हासनगरातल्या एका कारखान्यात काम लागले आणि आम्ही इथे, विठ्ठलवाडीला आलो. शेजारी सिंधी कुटुंब होते. फाळणीनंतर ते कल्याण कॅम्पात आले होते. त्या कॅम्पालाच १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या घरची आजी साई भाजी करताना सिंधमधल्या आपल्या अंगणाबद्दल बोलत असे आणि आई शेंगोळे करताना पाटणबद्दल. एकीला दुसरीची भाषा धड कळत नसे. वाटीची देवाणघेवाण मात्र रोज होई.

पुढे गिरणीकामगारांच्या घरांसाठी अर्ज भरले जाऊ लागले. मी शेकडो लोकांचे अर्ज भरून दिले. आमचा भरताना वडिलांचा तिकीट नंबर लिहिला. आई पाहत होती. तिने विचारले, "ह्यांचा नंबर लिवलास. माझा कुठं हाय?"

कित्येक वर्षे मी कामगारांच्या हक्कांवर बोलत आलो होतो, आणि बारा माणसांना जेवू घालणारी बाई कामगार आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ही चूक दुसऱ्या कोणाची नाही, माझी आहे.

ती वही आता माझ्याकडे आहे. पाने पिवळी पडली आहेत. तुमच्यापैकी कित्येकांची घरे अशाच एखाद्या चुलीवर उभी राहिली असतील. आई, आजी हयात असेल तर आज घरी गेल्यावर तिला चव कशी होती एवढेच विचारू नका. किती माणसे जेवत, किती वाजता उठावे लागे आणि उधारी किती बुडाली, हेही विचारा आणि लिहून ठेवा. तो हिशेब लागल्याशिवाय आपल्या कामगार चळवळीचा इतिहास पुरा होणार नाही.