ख्रिस्तपुराण आणि उपासनेचा काळ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ला मराठी वाङ्मयेतिहासात स्थान मिळाले ते मुख्यतः भाषेच्या निमित्ताने. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने सुमारे अकरा हजार ओव्या रचाव्यात, त्या १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापल्या जाव्यात आणि त्यांत मराठीची थोरवी गायिली जावी, या नवलापाशीच आपली चर्चा बहुधा थांबते. हा ग्रंथ कोणत्या प्रसंगी, कोणासाठी ऐकविला जात होता, हा प्रश्न मात्र दुय्यम राहिला.

त्याचे उत्तर काही अंशी संहितेतच आहे. पहिल्या पुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रींना विनवितो की, जुनी पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केली, तर तशी दुसरी आम्हांस का देत नाही? या मागणीमागे सत्तेने निर्माण केलेली पोकळी आहे. पोथ्या गेल्या, तरी श्रवणाची सवय उरली. स्टीफन्स यांनी पुराणाकडून केवळ ओवी घेतली नाही. समूहाने बसून ऐकण्याची रीतही घेतली. ग्रंथ रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये वाचला जाई. चातुर्मासातील पुराणश्रवणाशी असलेले त्याचे नाते येथे स्पष्ट होते.

ग्रंथाची रचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिले पुराण सृष्टीची उत्पत्ती व मानवाचे पतन सांगून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंत येते. दुसरे जन्म, दुःखसहन आणि पुनरुत्थान यांची कथा सांगते. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर हा उपासनावर्षाचा क्रम याच कथेवर उभा आहे. फरक इतकाच की कथा एकदा घडून पुढे जाते, तर वर्ष तीच कथा पुनःपुन्हा वर्तमानात आणते. दरवर्षी होणाऱ्या वाचनामुळे पुराणाची सरळ रेषा वर्तुळात वळते.

तथापि या वर्तुळाला एक उंबरठा होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, १५७० च्या मिस्साग्रंथानुसार मिस्सा लॅटिनमध्येच होई. मराठी होती ती वेदीच्या बाहेर, श्रोत्यांच्या बाजूला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले, तेव्हा ही जागाही असुरक्षित झाली.

हा उंबरठा ओलांडला गेला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वेदीपाशी वाट मोकळी करून दिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे लेखन या बदलानंतरचे आहे. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले. 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या दोन धर्मगुरूंच्या मध्ये चार शतके आहेत, परंतु प्रश्न एकच आहे: प्रार्थनेची भाषा आणि वाङ्मयाची भाषा यांत आपण भिंत का मानतो? वारकरी अभंग कीर्तनातून वेगळा काढून वाचला तर त्याचे आकलन अपुरे राहते, हे मराठी समीक्षेने मान्य केले आहे. तोच निकष ख्रिस्ती मराठीला लावला, तर 'ख्रिस्तपुराण' हे नवल न राहता परंपरेचा एक दुवा ठरेल.