तांब्याने धरलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन

औंधमार्गे पुण्यात शिरताना गणेशखिंडीत विद्यापीठाचं आवार लागतं. तिथल्या रसायनशास्त्र विभागातल्या सुभाष पाध्ये यांच्या गटाचे दोन शोधनिबंध छापून आले, एक २००२ चा, दुसरा २००४ चा. दोन्हींत सिप्रोफ्लॉक्सासिन हे जिवाणूंवरचं औषध मुद्दाम तांब्याला बांधलं आहे.

मुद्दाम म्हणायचं, कारण धातू या औषधाच्या आड येतो हे आधीच माहीत होतं. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची आम्लपित्तावरची औषधं सोबत घेतली, तर सिप्रोफ्लॉक्सासिन रक्तात फारच कमी पोचतं, अशी नोंद १९८५ मध्येच प्रसिद्ध झाली होती. रेणूच्या एका कडेला कीटोनचा आणि कार्बॉक्सिलचा ऑक्सिजन शेजारी-शेजारी असतात. धातूचा आयन आला की दोघे मिळून त्याला चिमट्यात धरतात. पण हीच पकड औषधाच्या कामाचीही आहे. त्याच कुळातलं मॉक्सिफ्लॉक्सासिन जिवाणूच्या विकराला चिकटलेलं असतानाची जी स्फटिकरचना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात या ऑक्सिजनांपाशी मॅग्नेशियम दिसतं.

२००२ च्या निबंधाचं शीर्षकच बरंच सांगून जातं. एक तांबं, दोन सिप्रोफ्लॉक्सासिन, दोन टेट्राफ्लुओरोबोरेट, पाण्याचे सहा रेणू. भारांचा हिशेब मांडून पाहा: तांब्याचे दोन धन, टेट्राफ्लुओरोबोरेटचे दोन ऋण, बाकी शून्य. म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन एकूण भारहीन. कार्बॉक्सिलने सोडलेला प्रोटॉन दुसऱ्या टोकाच्या पायपराझिन वलयाच्या नायट्रोजनवर गेला असणार. संयुग जलऊष्मीय पद्धतीने, म्हणजे बंद भांड्यात पाणी तापवून, बनवलेलं; सहलेखकांत अँसन आणि पॉवेल; चाचणी क्षयरोगाच्या जंतूच्या कुळावर, मायकोबॅक्टेरियावर.

२००४ मध्ये रचना बदलली. आता तांब्याचे दोन अणू, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जोडीला फेनान्थ्रोलिन हा धातूला धरणारा दुसरा रेणू. सहलेखकांत देवबागकर हे नाव आलं. इथे मात्र माझं मन जरा अडखळतं. तांबं आणि फेनान्थ्रोलिन यांची जोडी सिप्रोफ्लॉक्सासिनशिवायही डीएनए तोडते, हे सिगमन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा जंतू मेले तर ते कोणामुळे? फेनान्थ्रोलिन-तांबं वेगळं, सिप्रोफ्लॉक्सासिन वेगळं आणि दोन्ही एकत्र, अशा तिन्ही चाचण्या शेजारी ठेवल्याशिवाय नव्या संयुगाला श्रेय देता येत नाही.