गावाचे नाव हीच मोहोर : पेडणे-डिचोलीच्या मालाची कुळकथा



स्मृतिव्याख्यानासाठी राजे, तह आणि लढाया सोडून मी मिरची, खाजे आणि काजू यांच्याकडे वळलो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु तहाच्या कागदावर ज्यांची नावे उमटत नाहीत, त्यांचा इतिहास पुष्कळदा अशा जिन्नसांतच शिल्लक राहिलेला असतो.

‘ब्रँड’ हा शब्द आपल्याकडे येण्यापूर्वी गोव्याच्या बाजारात गावाचे नाव हीच मालाची मोहोर होती. मिरची हरमलची किंवा खोलाची, वांगी आगशीची, केळी मयड्याची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकणारी बाई टोपलीवर चिठ्ठी लावीत नसे. ती गाव सांगे आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर भाव मान्य करी. पावसाळ्याच्या पुरुमेंतासाठी वैशाखात सुक्या मिरच्या भरायच्या, तेव्हा आमच्या घरी हरमलची मिरची आहे ना, याची खात्री झाल्याशिवाय पैसे दिले जात नसत. शब्दावरचा हा विश्वास म्हणजेच त्या काळचा व्यापारी कायदा.

ही मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ असे एक जुने नाव होते, त्यातच तिचा मार्ग दिसतो. पेडणे मात्र पोर्तुगीजांच्या हाती आले ते १७८८ साली. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून सावंतवाडीच्या खेम सावंतांनी तो महाल सोडला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी, १७८१-८२ मध्ये गेल्या होत्या. तोवर मिरची मराठी मुलखात सर्वत्र रुजलेली होती. त्यावरून माझे अनुमान असे की, पेडण्यात मिरची आधी आली असावी आणि तिला या किनाऱ्यावर आणणारे राज्यकर्ते मागाहून आले. परक्याने आणलेले बी आपल्या कुळागरात, आपल्या मोरडात रुजले की त्याचे परकेपण किती दिवस टिकते? अस्सल आणि उपरे यांवर तावातावाने बोलणाऱ्यांनी आपल्या हुमणाचा रंग एकदा पाहावा.

खाज्याची गोष्ट निराळी. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर गूळ, आले आणि तीळ. शिरगावच्या लईराईच्या जत्रेतून खाज्याची पुडी न घेता घरी परतणारा डिचोलीकर मला तरी भेटलेला नाही. हेच खाजे तेरेखोल नदीपलीकडे मालवणी मुलखातल्या जत्रांतही मिळते. १७८८ च्या तहाने महाल तोडला, पण जत्रा तोडल्या नाहीत. सरहद्द खऱ्या अर्थाने बोचली ती पुढे, १९५५ च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा. सावंतवाडीकडून येणारा माल थांबला आणि गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे दिसू लागले. ते बटाटे आठवणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या बोलण्यात चवीपेक्षा नवलच अधिक असते.

त्या आयातीला पैसा पुरविला तो खाणींनी. डिचोलीचे लोहखनिज बार्जांतून मुरगावला आणि तेथून जपानला जाऊ लागले, आणि डिचोली म्हणजे खाण हे समीकरण झाले. मला ते कधीच पुरते पटले नाही. त्याच डोंगरांवर काजू होता. ब्राझीलहून आलेला, नावही तिकडचेच घेऊन आलेला. चैत्रात कोळंबीत बोंडे तुडवायची, निरो काढायचा, भाटी लावायची, प्रथम हुर्राक आणि मग फेणी, ही विद्या घराघरांतून चालत आली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. यंत्रे उभी राहिली, ट्रक दारात गंजले. काजूचा मोसम मात्र दरवर्षी आला. जेथे डोंगरच उरला नव्हता, तेथे अर्थातच तोही आला नाही.

गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते उशिरा. भौगोलिक चिन्हांकनाचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. गोव्यातून पहिला मान फेणीला, २००९ मध्ये. हरमलची मिरची, खाजे आणि मयड्याची केळी यांना २०२१ च्या सुमारास, मांकुराद आंबा आणि गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये. मांकुराद हे नाव ‘फिक्या रंगाचा’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेले. निंदेचे नाव मानाचे झाल्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या आठवणीत नाही.

येथे माझी एक शंका आहे. हा कायदा नावाची राखण करतो, शेताची करीत नाही. हरमल, मांद्रे, मोरजी येथील किनारपट्टीला आज मिरचीपेक्षा भूखंड म्हणून अधिक भाव आहे. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून तर सांगायलाच नको. जमीन विकणाऱ्याला मी दोष देत नाही. सुक्या मिरचीच्या चार पायल्यांवर घर चालत नाही, हे मलाही कळते. परंतु वाफा गेला की बीही जाते, आणि हे बी कोणत्या कचेरीत नव्हे, तर घरच्या बायकांनी राखेत घोळून मडक्यात जपलेले असते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे मडके अजून आहे, त्यांनी व्याख्यानानंतर मला अवश्य भेटावे. कोणत्या वाड्यावर, कोणाच्या हातचे, किती वर्षांपासूनचे, एवढे मला उतरवून घ्यायचे आहे.