सिग्रिड : एका नावाची हजार वर्षे

स्वीडनमधील एस्किल्स्टुना नगराजवळ राम्सुंड येथे एक विस्तीर्ण खडक आहे. त्यावर सुमारे १०३० साली रूनी लिपीत कोरलेला एक लेख सर्पाच्या अंगावरून वळणे घेत जातो. ओर्मची कन्या आणि आल्रिकची माता सिग्रिड हिने, सासरच्या होल्मगेर नामक पुरुषाच्या आत्म्यास्तव, हा पूल बांधविला, एवढाच त्याचा आशय. पूल बांधण्याचे पुण्य मृताला लाभते, अशी त्या काळच्या नवख्रिस्ती समाजाची श्रद्धा होती. या स्त्रीविषयी याहून अधिक काही कळत नाही. परंतु उत्तर युरोपातील एका पुरातन स्त्रीनामाचा विचार करावयाचा, तर तो या खडकापासूनच करणे योग्य.

प्राचीन नॉर्स भाषेत ‘सिग्र’ म्हणजे विजय आणि ‘फ्रीद्र’ म्हणजे सुंदर, प्रिय. या दोहोंच्या संयोगातून सिग्रिड हे नाव झाले. त्यातील पूर्वपद सिगुर्ड, सिगमुंड या पुरुषनामांत आढळते. उत्तरपद आस्ट्रिड या नावात दिसते. मुलाचे नाव ठेवताना आप्तांच्या नावातील एखादे पद घेऊन दुसऱ्याशी जोडण्याची रीत तेथे होती. म्हणून अशा नावाच्या सामासिक अर्थाचा फार आग्रह धरू नये. त्यात पुष्कळदा अर्थापेक्षा नातेच अधिक जपलेले असते.

आणखी एक नाते मात्र आपणा मराठी भाषिकांना विशेष वाटेल. भाषाशास्त्रानुसार ‘सिग्र’ आणि संस्कृत ‘सहस्’, म्हणजे बल वा जय, हे एकाच मुळापासून निघालेले शब्द आहेत. तसेच ‘फ्रीद्र’चे मूळ ‘प्रीत’, ‘प्रिय’ या शब्दांच्या मुळाशी मिळते. आपला ‘साहस’ हा शब्द त्याच ‘सहस्’पासून आला. म्हणजे साहस आणि प्रीती या आपल्या नित्याच्या शब्दांचे दूरचे आप्त या परक्या नावात एकत्र नांदत आहेत.

नावाला कीर्ती मिळाली ती एका राणीमुळे. आइसलंडचा इतिहासकार स्नोर्री याने तेराव्या शतकात लिहिलेल्या राजचरित्रांत ‘मानिनी सिग्रिड’ येते. मागणी घालण्यास आलेल्या राजांना तिने मेजवानीनंतर घरासकट जाळले. नॉर्वेचा राजा ओलाफ याने धर्मांतराचा आग्रह धरला, तेव्हा तिने पूर्वजांचा धर्म सोडण्यास नकार दिला. राजाने हातमोज्याने तिच्या तोंडावर आघात केला. त्या अपमानाचा सूड म्हणून तिने त्याचे शत्रू एकत्र आणले आणि इ. स. १०००च्या स्वोल्डरच्या लढाईत त्याचा अंत झाला, असे कथा सांगते. कथा मोठी तेजस्वी. पण तशी राणी होती का, याविषयी इतिहाससंशोधक साशंक आहेत. जुनी लॅटिन साधने तिच्या जागी पोलंडच्या राजकुळातील एका स्त्रीकडे बोट दाखवितात. राणी संशयित ठरली. पूल बांधणारी सिग्रिड मात्र खडकावर निःसंशय उभी आहे.

पुढील काळातही या नावाला अर्थ दिला तो प्रत्यक्ष जगलेल्या स्त्रियांनी. आइसलंडमध्ये नावाचे रूप सिग्रीदुर. गुल्फोस या महान धबधब्याजवळील एका शेतकऱ्याची कन्या सिग्रीदुर टोमासडोट्टिर हिने, विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे वीजनिर्मितीचे बेत आखले गेले तेव्हा, त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या राजधानीपर्यंत ती पायी जाई. न्यायालयात तिला यश आले नाही. परंतु योजना बारगळली आणि धबधबा वाचला. १९५७ साली ती वारली. धबधब्याजवळ तिचे स्मारक आहे. तिचे वकील स्वेन ब्यॉर्न्सन १९४४ साली आइसलंडच्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष झाले.

नॉर्वेची सिग्रिड उंडसेट (१८८२–१९४९) हिने चौदाव्या शतकातील एका स्त्रीचे जीवन तीन खंडांच्या कादंबरीत उभे केले आणि १९२८ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. रशियाने फिनलंडवर आक्रमण केले, तेव्हा तिने आपले पदक फिनलंडच्या साहाय्यार्थ देऊन टाकले. १९४० साली जर्मनांनी नॉर्वे व्यापला. त्या युद्धात तिचा ज्येष्ठ पुत्र पडला. नाझी राजवटीची कट्टर विरोधक असल्यामुळे तिला देश सोडावा लागला. १९४५ साली ती परतली.

नावाचे लाडके रूप ‘सिरी’. २०११ साली आयफोनमध्ये बोलणारा साहाय्यक आला, त्याच्या नावामागेही हीच नॉर्वेजियन सिरी आहे. हे रूपही अर्वाचीन नव्हे. राम्सुंडच्या खडकावर नाव कोरताना त्यातील ‘ग’ गळालेलाच आहे.

विजय हा या नावाचा अर्थ खरा. परंतु तो सूडाच्या कथेपुरता राहिला असता, तर हे नाव जुन्या पोथ्यांतच विसावले असते. कोणी पूल बांधला, कोणी पाणी राखले, कोणी पदक दिले. अशा कृतींतूनच सिग्रिड या नावातील विजय टिकून राहिला.